पसा

लोकांची मुलं थापटली की झोपतात.
तुला मी थापटून जागं करायचो,
पहाटे साडेपाचला, भरतीची वेळ बघण्याआधी,
कधी या कुशीवर, कधी त्या, मग पालथी,
डोकं खाली, पाय उशांवर,
आणि हाताचा पसा करून तुझ्या पाठीवर
वीस मिनिटं.
हात सपाट पडला तर लागतं, आझेनोर.
पोकळ पडला तर नुसता आवाज होतो,
दूरच्या रस्त्यानं कुणी घोडा नेत असल्यासारखा.
तू घोडे मोजायचीस.

दहाव्या दिवशी, नाँतहून फोन यायच्या आधी,
तुझ्या आईनं तुझ्या कपाळाचा मुका घेतला
आणि ओठ चाटत म्हणाली,
"ग्वेल्ताझ, हिला उचलण्याआधी हात धुतले नव्हतेस?"
धुतले होते.
गेरांदच्या मिठागरात तीन पिढ्या मीठ ओढलं आम्ही,
मीठ बाहेरून येतं, एवढंच ठाऊक होतं.

बाराव्या वर्षी तू म्हणालीस, आता नको पपा,
मी श्वासानंच काढते वर.
बरोबर होतं तुझं.
पण हाताला कुणी सांगायचं?

मग ते जंतू आले, आणि राहिले.
पाटात गाळ साचतो तसा तुझ्या आत चिकटा,
आणि चिकट्यात त्यांनी स्वतःभोवती विणलेलं शेवाळ.
औषध दारापर्यंत जायचं, बेल वाजवून परत यायचं.
पाच वर्षं.

डॉक्टर केर्वेला बाईंनी पाकिटाच्या पाठीवर चित्र काढलं.
मी खिशातून मिठाचा दाणा काढून ठेवला
(खिशात असतोच).
त्या म्हणाल्या, याच्या एका कडेवर
आमचे तीन हजार कण रांगेत उभे राहतील.
औषध आत, वरून बुळबुळीत अंगरखा,
म्हणजे चिकटा त्यांना धरत नाही.
वाम जाते तसे का, मी विचारलं, चिखलातून?
त्या हसल्या. तसेच म्हणा.
शेवाळाच्या आत पोचून मगच उघडायचे.
पण थेंब मोठा झाला तर घशातच पडणार,
फार लहान झाला तर उच्छ्वासाबरोबर बाहेर.
हे मात्र मला समजवावं लागलं नाही.
पातळ साय पाण्यावरून उचलताना
फळी केसभर खाली गेली की फूल बुडतं.

आणि मग ते दुसरं, हलक्या आवाजात:
निम्म्या लोकांना औषधाचे कण,
निम्म्यांना रिकामे.
कुणाला कुठले, मलाही माहीत नाही.

आता रोज संध्याकाळी यंत्र गुणगुणतं.
सात मिनिटं तोंडाशी धुकं.
आमच्यात धुकं म्हणजे दिवस वाया,
धुक्यात फूल धरत नाही.
या वयात शिकतोय
धुक्याकडे आशेनं बघायला.
दाराशी उभा असतो, आत येत नाही.
तू हात हलवतेस, जा ना, कामं नाहीत का तुला.
पडद्यावर तुझा तो केंपेरचा दोस्त, योएन,
त्याचंही यंत्र त्याच वेळी सुरू.
दोन वर्षांची मैत्री आणि एकदाही भेट नाही,
एकाचे जंतू दुसऱ्याला नकोत म्हणून.
दोघं धुकं ओढत बसता
आणि भुवयांनी गप्पा मारता.

काल, सहाव्या आठवड्यात,
तू दोन जिने चढून वर आलीस आणि म्हणालीस,
"माझ्या सायकलच्या मागच्या चाकात हवाच नाहीये
आणि तू पंप कुठं ठेवलायस देव जाणे."
मधे थांबली नाहीस.
अख्खं वाक्य, एका दमात, वर चिडून.

मी काही बोललो नाही.
रिकामे कणही असतील.
नुसता बरा आठवडाही असेल, असे येऊन गेलेत.
ज्या वर्षी जुलैत फूल छान धरतं
त्याच वर्षी ऑगस्ट सगळं धुऊन नेतो,
हे मी लहानपणापासून बघतोय.

पंप शोधायला खाली गेलो.
दिवा लावला नाही.
अंधारात भिंत चाचपताना लक्षात आलं,
हाताचा पसा झालाय.
एकदा वाजवून पाहिला भिंतीवर.
वरून तुझा आवाज आला, "एक!"